नुसता हात

ता. ९

तीर्थरूप बाबांस,

शि. सा. न. वि. वि. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. तुम्हाला नात झाली. दोन महिने आधीच आली, वजन जेमतेम सव्वा किलो. काचेच्या पेटीत ठेवलीय. तुमच्या सुनेचा रक्तदाब उतरत नाही, त्यामुळे ही खालच्या मजल्यावर पडून आहे. हिनं अजून लेकीला पाहिलेलंही नाही.

बाबा, एवढंसं माणूस मी कधी बघितलं नव्हतं. सगळं आहे हो! नखं आहेत, भुवया आहेत. कान इतका मऊ, की दुमडला तर दुमडलेलाच राहतो. फक्त श्वास घ्यायला ती मधूनच विसरते. यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा घसरतो, यंत्र ओरडतं, सिस्टर तळपाय चोळतात आणि मग तिला आठवतं. हे विसरणं वाढलं तर नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

काल मी पेटीत हात घालून तिला थोपटलं, ताईच्या मुलांना थोपटायचो तसं. लगेच यंत्र ओरडलं. सिस्टरांनी समजावलं, की इतक्या लवकर आलेल्या बाळाला थोपटणं, कुरवाळणं सोसत नाही. नुसता हात ठेवायचा, अजिबात न हलवता. तेव्हापासून मी हात मागे बांधून उभा असतो. ट्रक चालवणारे हात हे. तुमच्या दुकानात ते कधी स्थिर राहिले नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे.

लोभ आहेच; त्यातला थोडा आता तिच्याकडे वळवावा.

तुमचा,
धांदरट

ता. ११

चि. धांदरटास,

अ. उ. आ. पत्र मी तीनदा वाचलं, तुझ्या आईनं किती वेळा ते मोजलं नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण थांबून नुसतं चोळल्यानं पुन्हा चालू होणारं काही माझ्या हाताखालून गेलेलं नाही. थक्क झालो.

तुझ्या हातांचं म्हणशील तर खरंच आहे. माझी दोन भिंगं तू फोडलीस आणि एका बाईंचा सेकंदकाटा अजून सापडायचाय. पण दोष हातांचा नव्हता. तू कोपर अधांतरी ठेवायचास. आधी कोपर टेक. तळवे चोळून ऊन कर. श्वास पूर्ण सोड आणि मगच हात ठेव. ठेवल्यावर हाताकडे बघू नको. बघितलं की तो थरथरतो.

आणखी एक, कधी सांगितलं नाही ते. तू झालास तेव्हा महिनाभर मी तुला उचललं नव्हतं. केसाएवढ्या स्प्रिंगा धरणारा मी, पण तुझी भीती वाटायची. तुझी आई अजून ऐकवते आणि तिचं बरोबर आहे. तू महिना लावू नकोस.

लोभ कमी व्हायचा नाही. हात मागेच बांधलेस तर रागही.

बाबा

ता. १४

तीर्थरूप बाबांस,

शि. सा. न. वि. वि. पत्र सकाळी मिळालं, दुपारी हात ठेवला. कोपर टेकायला सिस्टरांनी चादरीची घडी दिली. एक हात डोक्याला, एक पावलांना. दोन हातांत अख्खी लेक मावली. हाताकडे बघायचं नाही, म्हणून आकड्याकडे बघत राहिलो. अठ्ठ्याऐंशी होता. नव्वद झाला, मग त्र्याण्णव. तासभर ती एकदाही श्वास विसरली नाही. माझ्या तळव्याखाली तिची टाळू उडत होती. एवढ्याशा जिवाला जगायची इतकी हौस असते हे मला माहीत नव्हतं, बाबा. डॉक्टर संध्याकाळी म्हणाले, नळीचं तूर्तास राहू दे.

बाहेर पडताना हात धुवायला सांगितलं होतं. मी तसाच जिना उतरलो. हिला सगळं कसं सांगायचं ते मनात जुळवत होतो, पण हिनं मला बोलूच दिलं नाही. माझा तळहात ओढून नाकाशी धरला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ हुंगत राहिली. मी हात हलवला नाही.

आईला नमस्कार. आम्हा तिघांवर लोभ असू द्या.

तुमचा,
धांदरट