हात दाखवल्यावर थांबणारी गाडी

तात्या, डेव्हनमधली ती लहानशी रेल्वेशाखा मी इंग्लंडमध्ये पाऊल ठेवायच्या कितीतरी वर्षं आधीच बंद झाली होती. रूळ उखडून नेले, स्टेशनं विकली, त्यातल्या एका स्टेशनात आता लोक सुट्टीला राहायला येतात म्हणे. हे मला परवा माझ्या नातीनं सांगितलं. आणि मी त्याच गाडीनं केलेल्या प्रवासावर चौदा पानं लिहून बसले आहे. खिडकीची काच चामड्याच्या पट्ट्यानं खाली सोडली होती, बाहेरून ओल्या गवताचा वास येत होता, समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, हे सगळं मला आज सकाळच्या पोह्यांपेक्षा स्पष्ट आठवतं. सकाळी पोहे होते की उपमा, हे खरं तर आठवतच नाही. तुम्हाला लिहिते आहे, कारण ज्याला हे विचारावं असं दुसरं कोणी उरलेलं नाही. आणि मी घाबरले आहे, तात्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं वडिलांना हे सांगू नये, पण फार घाबरले आहे.

मिरजेचं स्वयंपाकघर मात्र अजून जागच्या जागी आहे. आई चुलीपुढे भाकऱ्या थापते आहे, तुम्ही छापखान्यातून येऊन हातपाय धुऊन पाटावर बसला आहात, बोटांच्या चिमटीतली शाई काही गेलेली नाही. तुम्ही मुद्रितशोधक. रेल्वेच्या वेळापत्रकाचं काम तुमच्या छापखान्याकडे यायचं आणि ते आकडे तपासून तपासून तुमचे डोळे लाल व्हायचे. आणि मग घरी येऊन माणूस काय करतो, तर विरंगुळा म्हणून आणखी एक वेळापत्रक उघडतो. छापखान्यात नमुना म्हणून कधीकाळी आलेलं ते विलायती रेल्वेचं जाडजूड पुस्तक, मालकानं रद्दीत काढलं तेव्हा तुम्ही मागून आणलंत. आई म्हणायची, लोक घरी पेरू आणतात. तुम्ही नुसते हसायचात.

मी सात-आठ वर्षांची असेन. तुम्ही विचारायचात, आज कुठे जायचं? मी पान उघडून कुठल्याही गावावर बोट ठेवायची. मग लंडनहून निघायचं. मी वेळ वाचायची, तुम्ही वहीत लिहायचात, गाडी कुठे बदलायची, मध्ये किती मिनिटं, चहाला वेळ आहे का. लेसेस्टर, ग्लौसेस्टर, जसं छापलंय तसं आपण म्हणायचो. पोचलो की वहीत त्या ओळीपुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण. खूण तुम्हीच करायचात. पोचल्याशिवाय करायची नाही, आधी केली तर ते खोटं, असं म्हणायचात, आणि तोवर आईनं पानं वाढलेली असायची. तुमची सगळ्यात आवडती होती ती डेव्हनची शाखा. तिच्यातल्या एका स्टेशनाखाली बारीक अक्षरात टीप होती, की इथे गाडी एरवी थांबत नाही, उतारूनं हात दाखवला तर थांबेल. ही टीप तुम्ही कितीदा वाचून दाखवलीत. एका माणसाच्या हातासाठी अख्खी गाडी थांबते, बघ. तुमच्यासाठी उभ्या आयुष्यात कोणी काही थांबवलं नव्हतं, हे तेव्हा मला कुठे कळत होतं.

मला दैनिकात नोकरी लागली तेव्हा तुम्ही ते पुस्तक नव्यानं बांधून, निळ्या कापडाची पुठ्ठाबांधणी करून माझ्या हातात दिलंत. आणि त्यानंतर दोन महिन्यांत मी तो पराक्रम केला. वाचनालयाच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं, मला कंटाळा आला, मी निमंत्रणपत्रिका समोर ठेवून बातमी लिहून टाकली. पाहुण्यांचं भाषण, टाळ्या, आभार, सगळं व्यवस्थित. पाहुण्यांची गाडी चुकली होती आणि समारंभ झालाच नव्हता. तुम्ही मात्र धुतलेला कोट घालून गेला होतात, तासभर बसून परत आला होतात. सकाळी तुम्ही पेपर वाचलात, पेन्सिल घेतलीत, माझ्या बातमीभोवती गोल केलात आणि पेपर माझ्यासमोर सरकवलात.

"तू तिथे होतीस का?"

मी काहीतरी पुटपुटले, सगळेच असं करतात वगैरे. तुम्ही आवाज चढवला नाहीत, तेच पुन्हा विचारलंत. मग पायात चपला घालून मला संपादकांकडे घेऊन गेलात आणि खुलाशाच्या तीन ओळी माझ्याकडून लिहून घेतल्यात. रस्ताभर मला तुमचा राग आला होता. पुढे चाळीस वर्षं पत्रकारिता केली, माझ्या हाताखालच्या पोरापोरींना मी तोच प्रश्न विचारून रडवलं. माझ्या माघारी ते माझी नक्कल करायचे, हेही मला ठाऊक होतं.

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी मला शिष्यवृत्तीवर चार महिने लंडनला पाठवलं. एक वर्ष, तात्या. तुम्हाला जरा दम धरता आला नाही. पहिल्या शनिवारी मी खिडकीवर जाऊन हट्टानं लेसेस्टरचं तिकीट मागितलं, तिथल्या बाईनं तीनदा विचारलं आणि मग लेस्टर म्हणून दिलं. त्यानंतर चार महिने एक शनिवार मी घरी बसले नाही. डब्याचं दार आतून उघडत नसे, खिडकी खाली करून हात बाहेर काढून बाहेरची मूठ फिरवायची, हे मला एका शाळकरी पोरीनं शिकवलं. यॉर्कच्या फलाटावर मी बाकावर बसून रडले, कारण फलाटाचं ते वाकडं छप्पर तुम्ही मला आकड्यांवरून दाखवलं नव्हतं. पुढे पाच-सहादा गेले, सदर चालवलं, वाचकांनी प्रेम केलं. रविवारी रूळदुरुस्ती काढून गाडीऐवजी बसमध्ये कोंबतात आणि वर गोड आवाजात माफी मागतात, तेसुद्धा मी प्रेमानं लिहिलं. दरवेळी आदल्या दिवशी वहीत बेत लिहायचा आणि पोचल्यावर पुढे खूण करायची. तुमचीच पद्धत.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. पुण्यात असताना, तुमची फार आठवण आली की मी ते निळं पुस्तक काढायची आणि स्वयंपाकघरात एकटीच प्रवास करायची. त्याच वहीत, त्याच पेनानं. पोचले की खूण. तेव्हा मला भेद ठाऊक होता, त्यामुळे वेगळं काही लिहून ठेवायची गरज वाटली नाही. आणि स्टेशनाबाहेर पडताना तिथलं यंत्र तिकीट गिळून टाकतं, परत देत नाही. म्हणजे बहुतेक प्रवासांचा पुरावा म्हणून माझ्याकडे उरल्या त्या फक्त खुणा.

आता मी टेक्ससमध्ये, अर्विंगला मुलाकडे असते. इथे सगळं गाडीनं, म्हणजे मोटारीनं. मला चालवता येत नाही, म्हणून मी सामानासारखी नेली-आणली जाते. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी स्टेशनावरचं काढून दिलं, काटेसुद्धा झकास. मग म्हणाले, मघाशी तीन शब्द सांगितले होते, ते सांगा. तात्या, तीन शब्द. मी शब्दांवर जगलेली बाई, एकही निघेना. मुलगा खाली बघत होता. त्यांनी आजाराचं जे नाव सांगितलं ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला समजलं असेल. अजून बरंच शिल्लक आहे, असं ते म्हणाले, किती ते सांगितलं नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी मी चालायला गेले. किराणा दुकानामागे रेल्वेचं फाटक आहे, तिथून मालगाड्या जातात, शंभरशंभर डब्यांच्या. मी तिथे मोजत उभी राहते. त्या दिवशी मोजणी चुकली आणि मग घर कुठल्या बाजूला तेच कळेना. सगळी घरं सारखी. गाडी येताना दिसली आणि मी हात वर केला. मला वाटलं थांबेल. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला तो वाजवतच गेला. दुकानातून एक नागपूरच्या काकू धावत आल्या, त्यांनी माझ्या फोनवरून मुलाला बोलावलं. तो मीटिंग सोडून आला, घरी आल्यावर म्हणाला, "आई, प्लीज, एकटी जात नको जाऊ. मी काम करू की तुला ट्रॅक करत बसू?" आणि मग तोच रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा मला त्याचं नाव पटकन आठवलं नाही, हे मी त्याला कळू दिलं नाही.

म्हणूनच पुस्तकाची घाई. पुण्याच्या प्रकाशकाला माझे रेल्वेचे जुने लेख हवे होते, शिवाय काही नवे. नवे नऊ मी इथे वह्यांवरून लिहिले. लिहिताना वाटत होतं, हे तरी शाबूत आहे माझ्याजवळ. नात सोळा वर्षांची, मराठी समजतं, बोलते इंग्रजीत. ती तारखा-ठिकाणं तपासून देत होती. परवा दुपारी ती लॅपटॉप घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "आजी, डोन्ट बी अपसेट, ओके?" मग तिनं नकाशा दाखवला, जुना आणि आताचा. मी म्हटलं, तुझं चुकतंय. तिनं पुन्हा दाखवलं. मी चिडले, तिला नको ते बोलले, मी तिथे होते असं ओरडून सांगितलं. ती गेली नाही. खाली बघून हळूच म्हणाली, "मे बी यू ड्रीम्ड इट. इट्स स्टिल अ गुड स्टोरी."

ती खोलीतून गेल्यावर मी ती चौदा पानं पहिल्यापासून वाचली. समोरचे म्हातारे गृहस्थ दर स्टेशनाला कागदावर पेन्सिलीनं खूण करतात. त्यांच्या बोटांच्या चिमटीत काळं आहे. हात दाखवून गाडी थांबवण्याच्या स्टेशनावर ते खिडकीशी येऊन उभे राहतात. हे मी माझ्या हातानं लिहिलं होतं आणि ते कोण ते मला कळलं नव्हतं. तात्या, तुम्ही तिथे होतात. मिरजेतसुद्धा तुमचा चेहरा मला आता नीट दिसत नाही, पाटावर बसलेले दिसता, पण चेहऱ्याच्या जागी पुसट. त्या डब्यात मात्र लख्ख दिसता, कानावरच्या केसांसकट.

काल दिवसभर मी नऊच्या नऊ लेख घेऊन बसले. ज्यांना पुरावा म्हणून फोटो, कुणाचं पत्र असं काहीतरी सापडलं ते तीन पुस्तकासाठी ठेवले. पाचांचं काहीच सिद्ध होईना, ते काढून टाकले. एकात मी केवढी थंडीनं कुडकुडले होते, ते खरंच असणार, पण शपथेवर सांगता येईना. काढलं. तुम्ही असतात तर तुम्हीही गोल केला असतात. नातीनं विचारलं, डेव्हनचं काय केलंस. मी म्हटलं, काढलं.

आज सकाळी प्रकाशकाचा निरोप आला. त्यांनी साधंच विचारलं होतं, सगळं तपासून झालं ना, हे सगळे प्रवास तुम्ही केलेलेच आहेत ना. मी हो कळवलं आणि मजकूर पाठवून दिला.

डेव्हन मी काढलेलं नाही. जे खोटं असल्याची खात्री आहे, तेवढं एकच मी ठेवलं आहे. वाचकांना फसवायची हौस नाही मला, तात्या. पण पुस्तक छापून येईल तोवर मी कुठे असेन कोणास ठाऊक, आणि कधीतरी कुणीतरी ते माझ्या हातात ठेवेल, आणि मी ते वाचेन, आणि छापलेलं आहे म्हणजे खरंच असणार असं मला वाटेल. तुम्हीच तशी सवय लावली आहेत. तेव्हा तुम्ही विचारू नका, मी तिथे होते का म्हणून. तेवढी एक दया करा.

हे पत्र निळ्या पुस्तकात ठेवते आहे. प्रकाशकाला मजकूर पाठवायच्या आधी मी डेव्हनच्या लेखातलं एक वाक्य बदललं, तेवढं सांगून टाकते. 'समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते' असं होतं. ते खोडून मी लिहिलं, समोर माझे वडील बसले होते.