आईच्या गळ्यातलं बोंड

पांढरकवडा
५ नोव्हेंबर २००६

ती. विमलताईस,
भीमराजचा सविनय जय भीम. वि. वि.

आम्ही सारे खुशाल. तुमच्याकडे वेचणी सुरू झाली असेल. इकडे खरेदीच्या डेपोत गर्दी असते, पण कापसाच्या दिवसांतली ती जुनी लगबग नाही. भाव ऐकून माणसं गाड्या माघारी वळवतात.

पत्रास कारण मात्र आनंदाचं. जानेवारीत यवतमाळला नाण्यांचं प्रदर्शन भरतंय, त्यात स्पर्धाही आहे, आणि माझी नाणी मांडायला मला बोलावलंय. एखाद्या घटनेच्या आठवणीसाठी पाडलेली सोन्याची नाणी मी गोळा करतो, हे तुला ठाऊकच आहे. एका बँकेच्या शताब्दीचं, एका साखर कारखान्याच्या पहिल्या गळिताचं, यंदा दीक्षेला पन्नास वर्षं झाली म्हणून आमच्या मंडळानं पाडलेलं. शीला म्हणते, कपाटात सोनं आणि बायकोच्या गळ्यात काचेचे मणी, असा नवरा जिल्ह्यात एकच.

पण सगळ्यांच्या मधोमध मला आईचं नाणं ठेवायचंय. जिनिंग सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाचं, १९७९ चं. एका बाजूला कापसाचं बोंड, दुसऱ्या बाजूला साल. अशी सातच पाडली होती. सहा संचालकांना, आणि सातवं ज्या वेचणारीच्या कापसात पातीचा कचरा सापडणार नाही तिला. आपल्या आईला मंचावर संचालकांच्या रांगेत खुर्ची मिळाली होती. मी मंडपाच्या बांबूला धरून उभा होतो, अजून आठवलं की छाती फुगते. आता सोसायटी बंद, यंत्रं भंगारात. नाण्याखाली आईचं नाव छापून लावणार आहे, म्हणजे जिल्ह्याला कळेल. तोवर ते नीट जपून ठेव. मी न्यायला येतो.

लोभ आहेच, त्यात काटछाट नको.
तुझा भीमराज

उमरखेड
१८ नोव्हेंबर २००६

चि. भीमराज यास,
ताईचा जय भीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या भाचीनं, पायलनं मोठ्यानं वाचलं. आईनं ते पुन्हा वाचायला लावलं आणि मग स्वतःच गल्लीभर सांगून आली. तिचं नाव छापणार म्हटल्यावर दोन दिवस तिचे गुडघे दुखले नाहीत.

तू काळजी सोड. इकडे चोऱ्या फार वाढल्यात, डब्यातलं सोनं डब्यासकट जातं. म्हणून बाजाराच्या दिवशी आईला घेऊन सोनाराकडे गेले. त्यानं नाणं घासूनपुसून लख्ख केलं आणि वर मजबूत कडी जोडून दिली. आता ते काळ्या गोफात आईच्या गळ्यात आहे, रात्रीसुद्धा काढत नाही. आपल्या बायांच्या अंगावरच्या सोन्याला हात लावायची कोणाची छाती आहे? याहून जास्त कसं जपायचं ते तूच सांग.

शीलाला म्हणावं, काचेचे मणी घालू नकोस, नवऱ्याचं कपाट फोड.
तुझी माया अशीच राहू दे.
विमलताई

पांढरकवडा
२५ नोव्हेंबर २००६

ती. ताईस,
जय भीम.

काय केलंस हे? नाण्याला बोटाचा डाग पडू नये म्हणून मी हातमोजे घालतो आणि तुम्ही ते सोनाराच्या आगीला दाखवलं! कडी लावलेलं, घासलेलं नाणं स्पर्धेत घ्यायचं नाही असा प्रदर्शनाचा नियमच आहे. त्यांच्या दृष्टीनं ते आता नाणं नव्हे, दागिना. जिल्ह्यासमोर आईचं नाव लागायची एकच संधी होती, ती गेली.

आता सहा संचालकांची घरं पालथी घालतो. एकाकडे तरी न बिघडलेलं नाणं असेलच. प्रदर्शनापुरतं मागून आणीन आणि आईच्या नावावर मांडीन.

मी रागावलो आहे हे आईला कळू देऊ नकोस.
भीमराज

उमरखेड
४ डिसेंबर २००६

चि. भीमराज यास,
आशीर्वाद.

शेवटची ओळ तू आधी लिहायला हवी होतीस. पायल एका दमात सगळं वाचून गेली. आईनं ऐकलं आणि नाण्यावर पदर ओढून घेतला. संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली, "ज्यानं मले खुर्चीवर बसवलं, त्याले मी डब्यात कोंडू काय?"

चूक माझी असेल, तुझे नियम मला काय ठाऊक. पण एक विचारते. संचालकाचं नाणं आणून त्याखाली आईचं नाव लावलंस, तर मधोमध ठेवशील ते खोटंच ना? आईनं आयुष्यात दुसऱ्याचा कापूस आपल्या गाठोड्यात घेतला नाही.

राग असला तरी पत्र टाक.
विमलताई

पांढरकवडा
२४ डिसेंबर २००६

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

मी कान धरले. सहाही घरं फिरलो. एकही नाणं उरलेलं नाही. कोणी मुलीच्या लग्नात मोडलं, कोणी बोअरसाठी, कोणी दवाखान्यासाठी. पूनमसिंग संचालकांच्या पत्नी बसंतीबाईंनी लाल डबी काढून दाखवली. आतल्या मखमलीवर नाण्याचा गोल खळगा तेवढा होता. त्या म्हणाल्या, कापसानं मार दिला त्या साली पहिला हात डबीतच गेला, गळ्यातलं काढायला जीव झाला नाही.

रस्त्यानं येताना मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. सातांतलं एकच उरलंय, आणि ते आपल्या आईचं. आयोजकांना तसं लिहिलं. स्पर्धेत घेत नाहीत म्हणाले, पण दाराजवळ वेगळं टेबल देतात. आईला घेऊन जायला येतो. तूही चल.

चुकलेल्या भावावर लोभ कमी करू नकोस.
भीमराज

पांढरकवडा
१६ जानेवारी २००७

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

पायलच्या तापामुळे तुला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहितो. दाराजवळच्या त्या टेबलावर काचेच्या पेटीत माझी नाणी लावली, मधली जागा रिकामी ठेवली, खाली पाटी: 'इंदूबाई, कापूस वेचणारी, १९७९'. एका दिवसापुरतं नाणं काढून दे म्हणून आईची किती मनधरणी केली. ती ऐकेना. "काचीत कायले ठेवतं? मी हाओ ना इथं," म्हणाली, खुर्ची ओढली आणि पाटीच्या मागे बसली.

लोक आधी हसले. मग एकानं विचारलं, आईनं सांगितलं, आणि गर्दी जमली. नाणं केवढंसं, गोफातलं बोंड दिसायचं तर जवळ जावं लागे. मोठमोठे संग्राहक भिंग घेऊन आईपुढे वाकले. दुपारी सोसायटीचे तेव्हाचे अध्यक्ष बापूजी, त्यांचा नातू अमर आला. ज्यांच्या हातून आईनं ते नाणं घेतलं, त्यांचा नातू. तोही वाकला, साल वाचलं, आणि कडी आधीपासूनच होती का म्हणून विचारलं. आई म्हणाली, "तुह्या आजोबानं मले हातात देल्लं. गळ्यात मी घातलं."

स्पर्धेचं बक्षीस कोणाला मिळालं ते मी पाहिलंही नाही. ताई, १९७९ साली आई त्यांच्या रांगेत बसली होती. परवा आई बसली होती, आणि रांग तिच्यापुढे उभी होती.

पायलला पापा. तुझी माया आहे तोवर मला काही कमी नाही.
तुझाच,
भीमराज