सालीखालचे खिळे

रविवार, दुपारची भांडी आवरून

माझ्या बयेला आजीचे पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने कधी बरा, कधी नाही.

काल आपली मागची तुती छाटायला माणसं यायची होती, तर सगळ्यांत आधी कोण टपकलं असेल? शेजारीण! माणसं आठला येणार, ही साडेसातला हजर. म्हटलं, का गं, तू चढणार आहेस का वर? तर म्हणते, "फांदी माझ्या छपरावर आलीये, मी बघायला नको?" वाऱ्याने तडा गेलाय त्या मोठ्या फांदीला, म्हणून तर बोलावलं होतं. खुर्ची तिने घरातून आणली होती, चहा मात्र माझा.

तुझी तीन पत्रं कपाटात आहेत. एकाचंही उत्तर मी दिलं नाही. तू हे झाडावरचं काम शिकायला निघालीस तेव्हा मी पाठ फिरवून भांडी घासत राहिले, नीट जा म्हणूनही म्हटलं नाही. त्यासाठीच आज लिहायला बसलेय. पण ते माझ्याच्याने एकदम निघायचं नाही, तेव्हा आधी कालचं ऐक.

तिघं जण आले. एक मुकादम, एक उंच मुलगा, त्याच्या गळ्यात शिट्टी, आणि एक मुलगी, तुझ्याच वयाची. वेणी हेल्मेटात कोंबलेली. चढणारी तीच! शेजारणीने लगेच तिचं नाव खारूताई पाडलं. मुलगी हसली, म्हणाली, "खारीला दोर लागत नाही आजी, मला दोन लागतात."

मला वाटलं होतं येतील आणि कापत सुटतील. छे! अर्धा तास त्या यंत्राच्या करवतीला हातच नाही. झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, खोडावर लाकडी हातोडीने ठकठक करून कान लावला, वर मधमाश्यांचं पोळं आहे का, विजेची तार किती लांब आहे ते बघितलं. मग मुकादमाने विचारलं, जवळचं हॉस्पिटल कुठलं? मी म्हटलं, अहो, शुभ बोला की सकाळी सकाळी! ते म्हणाले, "लागायचं नाहीच आजी. पण लागलं तर शोधत बसायला नको." हॉस्पिटलचा फोन आणि आपला पत्ता एका कागदावर लिहून तो फाटकाला अडकवला, शेजारी औषधांची पेटी. सगळ्या झाडाभोवती लाल पट्टी बांधली आणि सांगितलं, करवत चालू असताना आत कोणी यायचं नाही. शेजारणीची खुर्ची दोन वेळा मागे सरकवली. तिसऱ्यांदा ती स्वतःच उठली.

त्या मुलीची विजारसुद्धा साधी नाही बरं का. आत असे धागे असतात म्हणे की करवत चुकून मांडीला लागलीच, तर ते धागे तिच्यात गुंतून ती जागच्या जागी थांबते. तुला हे सगळं माहीतच असेल. मला नव्हतं. मी आपली शेजारणीला सांगत होते, बघ, बघ, गाठ मारली की दुसरा येऊन ओढून बघतो. आणि शिट्टीवाला मुलगाही पट्टे बांधून तयार. मी विचारलं, हाही चढणार? मुकादम म्हणाले, "नाही. पण वरच्याला काही झालं तर खाली आणायला चढणारा माणूस खाली हवाच. नाहीतर आम्ही काम सुरूच करत नाही."

तुझे आजोबा चढले होते ते घरातल्या चपला घालून.

आता हे लिहिलंच आहे तर पुढचंही लिहिते. चढायच्या आधी मुकादमाने मला विचारलं होतं, "आजी, झाडात कुठे खिळा, तार, कडी ठोकलेली आहे का? जुनी असली तरी सांगा. सालीखाली दिसत नाही, आणि करवत त्यावर आपटली की उलटी उसळते." शेजारीण बाजूलाच उभी, कान टवकारून. मी म्हटलं, नाही हो, काही नाही.

बये, होते. तीन होते. हे एवढे, वीतभर.

मुलगी वर गेली. आधी बारक्या फांद्या कापल्या, मोठ्या होत्या त्या दोराला बांधून हळूच खाली सोडल्या, झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं तशा. मी मात्र त्या मोठ्या फांदीच्या बुडाकडेच बघत होते. बाराच्या सुमाराला ती फांदीच्या बुडाशी आली. तिसरा खिळा तिथेच होता. करवत सुरू झाली आणि मी ओरडले. कोणाला ऐकू जातंय! सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारी टोपणं. मग मी काय केलं, तर पट्टी उचलली आणि सरळ आत गेले. या गुडघ्याने, बरं का.

अशी शिट्टी वाजली म्हणून सांगू! त्याच क्षणी वरची करवत बंद. मुकादम धावत आले, स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं आणि दंडाला धरून मला बाहेर आणलं. मी म्हटलं, आहेत, खिळे आहेत, तिच्या हाताशीच आहेत.

"मघाशी तर नाही म्हणालात," शेजारीण म्हणाली.

मुकादमाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "किती? केवढे? किती उंचीवर?" एवढंच विचारलं. वर हाताने खूण केली, मुलगी खाली आली. करवतीपासून खिळा चार बोटं असेल नसेल. मी रडायला लागले तर तीच माझे हात धरून बसली. मी मुकादमांना म्हटलं, बोला हो मला, रागवा. ते म्हणाले, "आजी, तुम्हाला रागावलो तर पुढच्या घरची आजी सांगायचीच नाही. तुम्ही काम थांबवलंत, आभारी आहे तुमचा." मी खोटं बोलले, आणि आभार माझे! अशी माणसं मी आयुष्यात फार बघितली नाहीत.

आता ते राहिलेलं. आजोबा पायरीवरून पडले आणि म्हणून लंगडत, असं तू लहानपणापासून ऐकत आलीस. तुझ्या बापालाही तेच माहीत. पायरीवरून नाही पडले. त्या फांदीची तुतं माझ्या धुतलेल्या चादरींवर पडायची, जांभळे डाग निघता निघायचे नाहीत. दोन दिवस मी त्यांच्यामागे भुणभुण लावली, कापा ती फांदी, कापा. शेवटी चढायला म्हणून त्यांनी खोडात खिळे ठोकले. तिसरा वाकला. मी खालीच उभी होते, हातात ओली चादर घेऊन. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनीच पटकन सांगितलं, पायरी चुकली. मरेपर्यंत पायरीच म्हणाले. मला वाचवायला, दुसरं काय. आणि मीही म्हणू दिलं.

तू झाडावर चढणार म्हणालीस तेव्हा मला ती चादर दिसली. मी तुझ्यावर रागावले नव्हते गं. माझ्यापाशी खरं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून भांड्यांकडे बघत बसले. चुकले मी.

काल त्या मुलीला विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, "वाटते की. म्हणून तर गाठ दोनदा बघते." तूही बघतेस ना? तुझ्या खाली शिट्टी घेऊन कोण उभं असतं, त्याचा फोटो पाठव. त्याला सांग, आजीने हात जोडलेत.

फांदीचं वरचं सगळं उतरवलं आहे, शेजारणीचं छप्पर वाचलं. बुडाला त्यांनी हात लावला नाही. लोखंड शोधायचं यंत्र आणून मगच लावणार. मी मुकादमांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझी नात हेच काम करते. ते म्हणाले, "मग बोलवा की तिला. तिचं हेल्मेट घेऊन यायला सांगा, आमच्याकडे जादाचं नाही." या नाही, पुढच्या बुधवारी सकाळी आठला परत येतो म्हणून सांगून गेलेत.

बुधवारच्या सकाळी फाटकात उभी असलेली,
तुझी आजी