बोकडाने खाल्लेला कागद

३ सप्टेंबर
पोहोचलो एकदाचा ल्यूशूवा गावाला! पिवळ्या मातीच्या कड्यात कोरलेली सात घरं. सहांत माणसं, सातव्यात हाओ मावशींचा दाढीवाला बोकड. मी मावशींकडेच राहतो. बाजरीची पेज आणि आंबवलेली कोबी खाऊन आत्ताच सुस्तावलोय. काम सोपं आहे. सातव्या घराच्या भिंतीत भेग आहे. तिच्यावर खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि रोज बघायच्या. पट्टी फाटली, की कडा सरकतोय. मग थाळा बडवायचा आणि सगळ्यांना समोरच्या टेकाडावर न्यायचं. खालच्या घळीत लोखंडी पाटी बसवली आहे. चिखलाचा लोंढा किती जोराने आदळतो, ते तिच्यावरच्या आकड्यावरून कळतं.

८ सप्टेंबर
पट्टी फाटली! मी जीव खाऊन थाळा बडवला. मुखिया म्याओ काका म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन पळाले, चुलीवरच्या पेजा करपल्या. परत येऊन बघतो तर बोकड उरलेला कागद चघळतोय. खळ गव्हाच्या पिठाची ना! काका म्हणाले, "इंजिनियरसाहेब, पुढच्या वेळी थाळा बोकडाच्याच गळ्यात बांधा." पोरं माझ्यामागे बें बें करत फिरली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

१२ सप्टेंबर
काकांच्या मुलीची सोयरीक. मटणाचा रस्सा झकास, दोन वाट्या प्यालो. तिथेही बें बें झालंच. घरी येऊन थाळा मावशींना देऊन टाकला. त्यांनी तो कोबीच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवला. डोळ्यांसमोरून गेला, बरं वाटलं. पाऊस लागलाय.

१४ सप्टेंबर
पट्टी फाटलेली. पुन्हा बोकड! नवी चिकटवली. वहीत 'बदल नाही' लिहिलं.

१६ सप्टेंबर
आणखी एक. कोणी बघायच्या आत बदलली. बदल नाही.

१७ सप्टेंबर
दोन. भेगेत बोट जातंय. आधी जात होतं का? विचारू कुणाला? हसतील. बदल नाही.

१८ सप्टेंबर
पाऊस थांबत नाही. घळीतल्या पाटीवरचा आकडा – भरलेला ट्रक धडकावा तसा. दुपारी पाचवी पट्टी फाटली. कार्यालयातून फोन आला. सर्व ठीक, म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना.

१९ सप्टेंबर, सकाळ
दार चौकटीत बसत नाही. मावशींना म्हटलं, तो बोकड बांधून ठेवा हो.
मावशी हसतच सुटल्या. "कुठला बोकड रे? सोयरिकीला कापला ना! दोन वाट्या ओरपल्यास की तूच!"
बारा तारखेला.
पट्ट्या फाटल्या त्या सगळ्या – चौदापासून –

थोड्या वेळाने
सातव्या घरात जाऊन आलो. मूठ जाते भेगेत. आतून माती झरतेय – दाणे चघळल्यासारखा आवाज. बोकड नाही. कोणीच नाही तिथे.
पावसामुळे सगळे घरातच आहेत. काकांची आईसुद्धा.
थाळा हवा. पण पुन्हा हसले तर – शी! अजून हेच सुचतंय मला. लाज वाटते.
रांजणाशी आलोय. मावशी विचारतायत, थाळा कशाला. आधी इथे लिहितो, मग सांगता येईल. मावशी, पाच वेळा पट्टी फाटली होती आणि पाचही वेळा मी –
वहीवर माती पडतेय. झटकली. पुन्हा –
मावशी, मी खोटं