भालेवाल्यांची पेटी

बीस्टन, नॉटिंगहॅम
१२ फेब्रुवारी

प्रिय हेस्टरताई,

व्हिटबीच्या समुद्रवाऱ्यानं यंदा तुझी कौलं जागेवर ठेवली असतील अशी आशा करतो. इकडे मी आणि नोरा ठीक आहोत. बागेत चिखल आहे आणि शेजाऱ्यांचं मांजर पुन्हा आमच्याच घरी जेवतंय.

सध्या मी नव्या पेटीच्या शोधात आहे. माझं सैन्य न्यायची पेटी. म्हातारपणी बाहुल्या खेळतो म्हणून तू हसतेस, हस. दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये टेबलावर इंग्लंडच्या जुन्या यादवीतली राजा आणि संसद यांची लढाई होते, आणि माझे भालेवाले संसदेच्या बाजूनं उभे राहतात. बोटभर उंचीचे, पण एकेकाचा डगला रंगवायला मला संध्याकाळ लागलेली आहे.

हे भालेवाले गेले काही महिने मोडतायत. कुणाचा भाला वाकतो, कुणाची टोपी खरवडली जाते. जुन्या पेटीत स्पंज आहे, त्यात प्रत्येकासाठी खळगा कापलेला. चिमटीत धरून एकेकाला उपसावं लागतं. आधी मी स्पंजला दोष दिला, मग ट्रामच्या धक्क्यांना, मग माणसांना.

माणसांमध्ये पहिला नंबर डेनझिलचा लागला. डेनझिल म्हणजे राजाचा सेनापती, टेबलापलीकडचा माझा जुना शत्रू. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त आहे. एका गुरुवारी तो म्हणाला, "अ‍ॅल्विन, तो स्पंज फेकून दे. चुंबकाची पेटी घे. बाहुलीच्या बुडाला चुंबक, पेटीच्या खणाला पत्रा. उलटी केलीस तरी कुणी हलणार नाही."

एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. "चुंबक मी चिकटवून देतो. सैन्य आठवडाभर माझ्याकडे ठेव."

का बुवा? स्वतःचे घोडेस्वार अर्धवट रंगवून तसेच सोडलेत, आणि याला माझ्या सैन्याची काळजी? चांगल्या हाताचं रंगवलेलं सैन्य विकत घ्यायला लोक टपलेले असतात, हे त्यालाही माहीत आहे.

मी मुद्दाम म्हटलं, "हत्यारांची साधी पत्र्याची पेटी घेतो. स्वस्तात काम होईल."

"ती नको," तो लगेच म्हणाला. "खण सरकून बाहेर येतात तसलीच घे. अख्खी तुकडी खणासकट टेबलावर. एकेकाला उचलायला नको."

"तुला काय फरक पडतो?"

"सोयीचं असतं," म्हणाला आणि बिस्किटं बघायला लागला. त्या बशीत बघण्यासारखं काही नव्हतं.

मग एके दिवशी मी बागेतून आत आलो तर नोरा फोनवर हळू आवाजात, "त्याला इतक्यात कळू देऊ नकोस" असं म्हणत होती. मला बघून फोन ठेवला. "चुकीचा नंबर होता," म्हणाली. चुकीच्या नंबरला कोणी अशी विनवणी करतं का? ती चहा ठेवायला गेल्यावर मी फोन पाहिला. डेनझिलचं नाव होतं.

ताई, नोरा इतक्या वर्षांत माझ्याशी खोटं बोललेली मला आठवत नाही. मग नवऱ्याच्या मनात जे येतं ते आलं. चौसष्टाव्या वर्षी बायकोच्या कोटाचे खिसे तपासणारा माणूस तुझा भाऊ आहे.

मागच्या गुरुवारी माझा घोड्यावरचा कप्तान फरशीवर पडला. घोड्याचे पाय तुटले. सगळे वळले. मी म्हटलं, "कुणाचा धक्का लागला?"

"माझा," डेनझिल म्हणाला. "कोपर लागला. चुकलो."

तो टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, हातात चहाचा कप घेऊन.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझा माझ्या सैन्यावर डोळा आहे. की आणखी कशावर आहे, ते नोरालाच विचारायला पाहिजे."

डेनझिलनं वाकून घोड्याचे तुकडे रुमालात गोळा केले. "विचार," तो म्हणाला. "घरी जा आणि खरंच विचार तिला."

मी विचारलं. नोरा माझ्या कोटाचं बटण लावत बसली होती. तिनं सुई आणि दोरा माझ्यापुढे ठेवला. "ओव," म्हणाली.

मला ओवता आली नाही.

"ख्रिसमसच्या आधी डेनझिलनं मला तुझ्या हाताचं सांगितलं," ती म्हणाली. "म्हणाला, अ‍ॅल्विनचं अ‍ॅल्विनला सांगू दे. पण तोवर त्याचा खेळ सुटता कामा नये. चिमटीत काही धरावं लागू नये, म्हणून ती पेटी."

उजवा हात, ताई. अंगठा आणि पहिलं बोट. काही करत नसलो की आपोआप हलतात, बाबांची हलायची तशीच. कप्तान माझ्याच बोटांतून सुटला होता. भालेही मीच मोडले होते. मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, म्हणूनच तर चोर शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी डेनझिलच्या दारात उभा राहिलो. माफी मागितली, नोराबद्दलचीही.

"मला नोरा झेपेल असं वाटलं तुला?" तो म्हणाला. "तिच्या हुकमतीत तू टिकलास, त्याबद्दल खरं तर तुला पदक द्यायला हवं. आत ये, दार उघडं ठेवून घर गार करू नकोस."

काल दोघं दुकानात गेलो. त्याला हवी होती तसली, सरकत्या खणांची पेटी पाहिली. डेनझिलनं दुकानदाराला ती उलटी करायला लावली. तात्पुरते चुंबक लावून आत ठेवलेलं माझं पायदळ चिकटून राहिलं, दोन घोडेस्वार गळाले. त्यांना मोठे चुंबक लागतील. झेंड्यासाठी वरचा खण उंच हवा, यावर आम्ही दुकानदाराचा जीव खाल्ला. चुंबक डेनझिल चिकटवतोय. सैन्य त्याच्याकडेच आहे. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय, नोरा बरोबर येणार आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ख्रिसमसला तुझ्या घरी आलो तेव्हा तुझा डावा हात सारखा खिशात होता. टर्की मला कापायला लावलीस. विचारलं तर म्हणालीस, थंडी वाजते. ओव्हन तापलेला, स्वयंपाकघराच्या काचांवर वाफ धरलेली, आणि तुला थंडी. बाबाही जेवताना एक हात मांडीखाली दाबून बसायचे, आणि आपण दोघं ते न दिसल्यासारखं करायचो.

माझा संशय आत्ताच एकदा तोंडघशी पडलाय. या वेळीही पडू दे, मी आनंदानं पडेन. पण उत्तर फोनवर देऊ नकोस. फोनवर आपण दोघंही फार सफाईनं खोटं बोलतो. शनिवारी दुपारच्या गाडीनं मी येतोय. दार उघडशील तेव्हा हात खिशात नको.

तुझा धाकटा भाऊ,
अ‍ॅल्विन