बाबांचा चष्मा

बाबा, आज मी चष्मेवाल्याच्या खुर्चीत बसले होते. तो एकामागून एक भिंग बदलत होता आणि मला तुमची अशी आठवण आली की समोरची अक्षरं दिसेनाशी झाली. त्याला वाटलं, नंबर वाढला. मी तसंच वाटू दिलं.

जिनिंगचा, कापसाचा ट्रक घेऊन तुम्ही अमरावतीहून अकोल्याला निघालात आणि माझ्या शाळेला सुट्टी लागलेली असली, की मला तिथल्या वसतिगृहातून घेऊन कॅबिनमध्ये शेजारी बसवायचात. मी रस्ता बघायचीच नाही, तुमचे डोळे बघायची. मोकळ्या रस्त्यावर ते कसे हिंडतात: आरसा, मैलाचा दगड, बाभळीखालची गुरं, पुन्हा आरसा. बडनेऱ्याच्या गर्दीत शिरलं की पापणीच लवत नाही. घरी पोचेपर्यंत ते लालबुंद झालेले असत. मग आई दुधात भिजवलेले कापसाचे बोळे त्यांवर ठेवी आणि तुम्ही आडवे पडून मला धडा वाचायला लावायचात. कॅबिनमध्ये मात्र तुमचा एकच दंडक होता, काळजीचं काही बोलायचं नाही. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणालात, "डोये रस्त्यावर असले म्हून दिसते असं नाई, पोरी. मन बी तिथंच लागते."

मला ती तुमची लहर वाटली. मॅट्रिकचा निकाल बघायला अमरावतीला आले, नापास झाले, आणि परतताना पुन्हा तुमच्या शेजारी बसले. आईला सांगायची हिंमत नव्हती, ती आधीच स्थळं बघत होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे सरळ रस्ता लागला तसं मी तुम्हाला सांगून टाकलं. डोळे समोरच आहेत, पण त्यांचं हिंडणं थांबलंय, काचेपलीकडे एकाच जागी रुतून बसलेत. पुढे कडब्यानं लादलेली बैलगाडी आहे, एवढी मोठी. मला दिसते आहे, तुम्हाला दिसत नाही. मी किंचाळले तेव्हा तुम्ही स्टेअरिंग फिरवलं. गाडीवान वाचला, पण एका बैलाचं शिंग गेलं आणि ट्रक नालीत आडवा झाला.

संध्याकाळी ट्रकमालक शेठसमोर तुम्ही हात जोडून उभे राहिलात. "पोरगी त झोपली होती, शेठ. माह्या डोयाईनंच दगा देल्ला."

मी शेजारीच होते. गप्प राहिले. नापास झाल्याचं आईनं कसंबसं गिळलं, पण माझ्या बोलण्यापायी हे झालं असं तिला कळतं तर माझी शाळा त्याच दिवशी सुटली असती. तुमच्या हातून ट्रक गेला. जिनात कापसाच्या गाठींवर खुणा घालायचं काम मिळालं आणि तुम्ही बाजारातून जाड काळ्या काड्यांचा चष्मा आणलात. पुढच्या वर्षी मी पास झाले, मास्तरीणही झाले. रस्त्यावरून ट्रक गेला की तुम्ही नुसत्या आवाजावरून गिअर सांगायचात, हसत. मला तिथं बसवत नसे.

तुम्ही गेलात तेव्हा आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की यांचे डोळे फार लवकर गेले. तेव्हाही मी काही बोलले नाही.

एक मात्र तुम्हालाही कधी सांगितलं नाही. चष्मा आणल्यावर आठवड्याभरातच, पुसता पुसता, मी तो माझ्या डोळ्यांना लावून पाहिला होता. पुस्तकातली अक्षरं होती तेवढीच दिसली. साधी काच होती, बाबा. तरी तुम्ही तो शेवटपर्यंत लावलात आणि मी रोज सकाळी पुसून तुमच्या हातात देत राहिले.