चार्जरची पिन आणि टेबलाखालची बैठक

ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या गुडघ्यांची चौकशी तू करणार नाहीस, पण या पत्रात ते येणार आहेत.

मुद्द्याचं सांगतो. (एवढं वाचून तू चष्मा काढून ठेवशील, मला माहीत आहे, तो परत लाव.) आमच्या लॅपटॉपच्या चार्जरची पिन वाकली. वायर कुणाच्या पायात अडकली, त्याच्या खोलात शिरायला नको. वाकलेलं दिसलं की सरळ करायचं ही बाबांची खोड माझ्यात उतरलेली. ते जुने खिळे सरळ करायचे, मी पक्कड घेऊन पिन सरळ केली, आणि इतकी केली की ती लॅपटॉपला ओळख दाखवेना. वरून चिकटपट्टी गुंडाळली, तर जाड होऊन भोकातच शिरेना. मग चिकटपट्टी सोलत बसलो. शेवटी असं कळलं, की पिन खालून वर, जराशी डावीकडे दाबून धरली तर दिवा लागतो. सोडली की लॅपटॉप बंद, कारण बॅटरीनं केव्हाच मान टाकलेली आहे.

आणि नेमका त्याच संध्याकाळी हिचा पहिला ऑनलाइन तास. हातशिलाई शिकवायची म्हणून ही किती तयारी करत होती, तुला ठाऊक आहेच. आरशासमोर उभी राहून बोलून बघायची. दुकानदार म्हणाला, मॉडेल जुनं आहे, चार्जर मागवावा लागेल. हिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पकडीकडे. मी उशी घेतली आणि कुरकुरणारे गुडघे मुडपून टेबलाखाली शिरलो.

तेव्हापासून रोज तासभर मी तिथं असतो. एक हात वर काढून पिन धरायची, खोकला गिळायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. ताई, इतक्या वर्षांत हिला सलग बोलताना मी ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या वाक्याला माझं काहीतरी मध्ये असायचंच. ही किती छान शिकवते गं. एका बाईंचा धागा सारखा तुटत होता. त्यांना म्हणाली, "ओढू नका. त्याला येऊ द्या, तो येतो." मी टेबलाखाली चक्क मान डोलावली आणि डोकं आपटून घेतलं.

तर तुझा लॅपटॉप आमच्याच जोडीचा, त्याच मॉडेलचा. तुझ्याकडे जादाचा चार्जर आहे, तो पाठवून दे. माझी पाठ कामातून गेली आहे.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. चार्जरची घाई नाही. खरं तर पाठवूच नकोस. उद्यापासून हिच्या तासाला बटणांची काजं आहेत, ती मला ऐकायची आहेत. पाठ काय, शेकता येते. हिच्याकडे मात्र तुझ्या चार्जरचं बोलू नकोस. (पत्र टाकायला हिच्याकडेच देतो आहे, पण ही दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतली नाही.)

आणखी ता. क. वन्सं, नमस्कार. पाकीट उघडंच होतं. चार्जर खरंच पाठवू नका. नवा मी दुसऱ्याच दिवशी वेगळ्या दुकानातून आणला, शिलाई मशीनच्या खणात ठेवला आहे. यांना सांगू नका. यांच्यासाठी जाडशी उशी शिवायला घेतली आहे.